अर्धी दाढी

"...मग माणसानं भरवसा ठेवायचा तरी कुणावर, बाबा?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. देता येत नव्हतं. बापूचा वस्तरा त्यांच्या गळ्यावर होता.

मठीच्या ओट्यावर दर बुधवारी बाबांची दाढी व्हायची. बापू खालच्या गावातनं पेटी घेऊन चालत यायचा. बाबा भिंतीला पाठ टेकून बसायचे. हनुवटी वर, डोळे मिटलेले. तेवढा वेळ कुणी काही विचारायचं नाही, हे आजऱ्यापासून आंबोलीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

जयवंतराव इंगवल्यांना ठाऊक नव्हतं. असतं तरी ते थांबले नसते.

सांगलीला हळदीच्या पेठेत त्यांचं मोठं दुकान. पोत्यात सळई खुपसून तळाची हळद बाहेर काढून बघितल्याशिवाय पोतं घ्यायचे नाहीत. घरी आमटीतसुद्धा आधी डाव फिरवून बघत असतील. मठीत येताना फळांची करंडी आणायचे आणि स्वतःला बाबांचा शिष्य म्हणवायचे. बाबा त्यांना काहीच म्हणत नसत. करंडी मात्र माकडांना जायची.

त्यांची गाडी समोर चिंचेखाली उभी होती. काळी, लांबलचक, परदेशी. घेतली तेव्हा अख्खी पेठ बघायला जमली होती म्हणे. आता तिला म्हातारपण आलं होतं. दारांच्या कडेनं रंगाचे पापुद्रे निघालेले, पण आतली बैठक अजून गादीसारखी. त्या बैठकीत त्यांची बायको, मालनताई, दार उघडं ठेवून बसलेल्या. पडून कंबर मोडल्यापासून दुसऱ्या कुठल्या गाडीत त्यांना बसवत नव्हतं.

वेंगुर्ल्याला मालनताईंची थोरली बहीण होती, आक्का. तिची नजर जात चालली होती. डोळ्यांना दिसतंय तोवर एकदा तोंड दाखवून जा, असा तिचा निरोप होता. मालनताई दोनदा निघाल्या आणि दोन्ही वेळा घाटाच्या अलीकडनं परत फिरल्या. चढाला लागली की गाडी तापायची. सुई लालला टेकायची, पुढनं वाफ निघायची.

आज तिसरी खेप.

"सांगलीत दाखवली, कोल्हापुरात दाखवली," जयवंतराव सांगत होते. "एक म्हणाला पंप गेला. दुसरा म्हणाला गिअर गेला. तिसऱ्यानं तर अख्खं इंजिनच उतरवायला काढलं. सगळे चोर. गाडी बघितली की ह्यांना माझा बंगला दिसतो."

बापूनं वस्तरा पुसला. परत गळ्याला लावला.

"आणि हा तुमच्या नाक्यावरचा पासकू मेस्त्री. लई नाव ऐकलं म्हणून सकाळी त्याच्याकडं नेली. चोर परवडला, हा तर निव्वळ अडाणी. बॉनेट उघडलं, बघितलं, पाडलं. म्हणतो, माका जमाचा नाय, घेवन जावा. अरे, बघायचे तरी कष्ट घे..."

बोलता बोलता त्यांनी ओट्यावर हात आपटला.

बापू दचकला. बाबांच्या हनुवटीखाली लाल थेंब आला.



बापूनं तुरटी ओली केली, थेंबावर दाबून धरली. बाबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. तुरटी निघाली, तशी हनुवटी परत वर.

"कापलं की ह्यानं," जयवंतराव म्हणाले.

"हं."

"तरी परत गळा देताय?"

"अर्धीच झालीय."

जयवंतरावांना हे काही उत्तर वाटलं नाही. ते परत बोलायला लागणार, तेवढ्यात बाबांनी हातानं बापूला थांबवलं. डोळे उघडले. ओट्यावर आपटलेल्या त्या हाताकडं बघितलं. पांढराफेक सदरा, घडीला घडी, आणि उजव्या हाताची बोटं काळी, तेलकट.

"बोटं कशानं काळी झाली, जयवंता?"

हात पाठीमागं गेला.

"गाडीलाच... हात लावला होता."

"पासकूनं बघायच्या आधी, का नंतर?"

...

"पासकूनं बघितली का ही बोटं, बॉनेट पाडायच्या आधी?"

...

गाडीतनं आवाज आला. "सांगा की. मलाही ऐकू द्या."

जयवंतरावांनी रुमाल काढला. बोटं पुसायला घेतली आणि पुसता पुसता थांबले. रुमाल खराब झाला असता.

"परीक्षा घेतो मी," ते म्हणाले. "मेस्त्रीकडं जायच्या आधी गाडी बाजूला घेऊन एक वायर काढतो आणि खिशात टाकतो. गाडी धक्के खाते. मग म्हणतो, बघ रे काय झालंय. ज्याला वायर काढलेली दिसली तो खरा. जो पंप गेला म्हणतो, तो चोर. पोत्यात सळई घालतो, तसंच. ह्यात चुकलं काय?"

"म्हणजे सकाळी नाक्यापाशी धक्के बसले," मालनताई म्हणाल्या, "आणि मी आक्काचं नाव घेत, कंबर दाबून धरून बसले, ती वायर तुम्ही काढलेली होती?"

"पाच मिनिटांचं काम असतंय गं..."

"आणि कोल्हापुरात? भर उन्हात?"

"तिथं जरा वेळ लागला."

मालनताई बाबांना म्हणाल्या, "देवाला हात जोडताना ह्यांचा एक डोळा चपलांवर असतो, बाबा. मला वाटायचं, तेवढ्यावरच भागतंय."

मठीतला स्वयंपाक माझ्याकडं. मी चुलीपुढनं उठून त्यांना तांब्याभर पाणी नेऊन दिलं. घटाघटा प्यायल्या. बाईनं रडावं की शिव्या घालाव्यात असा प्रसंग. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर तांब्या नवऱ्याच्या दिशेनं गेला असता.

बाबांनी विचारलं, "मग, कुणाला सापडली का वायर?"

"सापडली. सांगलीत एकाला सापडली."

"मग तो खरा."

"लगेच सापडली हो. बॉनेट उघडल्या उघडल्या. मला वाटलं, ह्याला कुणीतरी आधी सांगून ठेवलं असणार..."

"म्हणून?"

"म्हणून पुढच्या वेळी दोन काढल्या."

बापूला हसू आलं. त्यानं ते तुरटी पुसण्यात घालवलं.

"आणि चढाला गाडी तापते, ते पासकूला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"त्यानं शोधून काढायला नको?"

बाबा उठले. अर्ध्या तोंडाला साबण, अर्धं तोंड साफ. आपण बसलो होतो त्या जागेकडं बोट केलं.

"बस."

"मी? मी घरीच करतो, बाबा. मशीन आहे माझ्याकडं."

"बस."

"आत्ताच तुम्हाला कापलंय त्यानं."

बाबा नुसते उभे राहिले.

"बसा," गाडीतनं मालनताई म्हणाल्या. "कालची वाढलीय. असलं तोंड घेऊन गेलात तर आक्का उरलेली नजरसुद्धा मिटून घेईल."

जयवंतराव बसले. बापूनं त्यांच्यादेखत जुनं पातं काढून टाकलं, नव्याचा कागद सोडला. त्यांनी तो कागद मागून घेतला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग बघण्यासारखं काही उरलं नाही.

बापूनं साबण फासला. कपाळावर तळवा टेकवला आणि डोकं हळूच मागं नेलं.

गळा उघडा पडला. त्यावर वस्तरा आला.

बाबा शेजारी उकिडवे बसले.

"बापूचं आडनाव काय, जयवंता?"

...

"हे काम तो कुणाच्या हाताखाली शिकला?"

...

"आज घरनं जेवून आलाय, का भांडून आलाय?"

...

गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली आणि जागच्या जागी थांबली. रस्त्यानं ट्रक गेला. मोठ्यांदा भोंगा वाजवत गेला. बापूचा हात थांबला, ट्रक जाईपर्यंत थांबला, मग पुढं सरकला. जयवंतरावांनी आधी डोळे गच्च मिटले होते. आता ते नुसते मिटलेले होते. दोन्ही खांदे, जे मी नेहमी कानापाशी बघितलेले, ते खाली आले होते.



दाढी झाली. बापूनं आरसा पुढं धरला. जयवंतरावांनी आरशात बघितलं नाही. गळ्यावरनं हात फिरवला. एकदा, मग उलटा एकदा. कुठं काही नव्हतं.

मग खिशातनं त्यांनी ती वायर काढली. तळहातावर ठेवून थोडा वेळ बघत बसले.

"मालन," ते म्हणाले, "तू इथं ओट्यावर बसशील का जरा?"

"बसते की. जो काय तमाशा व्हायचाय तो माझ्याविना होऊ दे."

मी खुर्ची आणली, पाठीला उशी लावली. दोघांनी धरून त्यांना उतरवलं. जयवंतरावांनी बॉनेट उघडलं, वायर जागच्या जागी बसवली. गाडी सुरू झाली ती मांजरीसारखी गुरगुरत. धक्का नाही, काही नाही. ती नाक्याकडं उतरून गेली.

"दाढी उरकू का, बाबा?" बापूनं विचारलं.

"थांब."

बापू थांबला. साबण वाळला. तेवढ्यात खालची दोन माणसं पाया पडायला आली. बाबांचं अर्धं तोंड दाढीचं, अर्धं बिनदाढीचं बघून कुठल्या बाजूनं पाया पडावं ते त्यांना कळेना. पडली कशीबशी आणि गेली. मी चहा टाकला.

"पासकू परत घालवून देईल त्यांना," मालनताई म्हणाल्या. "मी असते तर दिलं असतं."

"मीसुद्धा," मी म्हणाले.

बाबांनी कपबशीतला चहा दाढी नसलेल्या बाजूनं प्यायला.

जयवंतराव आले ते चढणीनं, पायी. धापा टाकत. हात दोन्ही बाजूंना मोकळे. पेठेतला माणूस किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवल्याशिवाय चालत नाही. हा नुसताच चालत होता, आणि ते हात कुठं ठेवायचे ते त्याला समजत नव्हतं.

"किल्ली?" मालनताईंनी विचारलं.

"दिली."

"आणि तुम्ही बाजूला उभं राहून बघणार होता ना? प्रत्येक नट मोजत?"

"तो म्हणाला, बघत उभं राहणार असाल तर गाडी घेऊन जा. नसाल तर ठेवा."

"मग?"

"ठेवली."

मालनताईंनी उशी सारखी केली. "तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

"सगळं. वायरचं सांगितलं. तापते ते सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ह्या आधी सांगूक काय झाला होता?" जयवंतरावांनी उजवा हात पुढं केला. बोटं साफ झाली होती. ओट्यावर रॉकेलचा वास आला. "मग फडकं दिलं. म्हणाला, आधी हात पुसा."

"आणि गाडी?"

"बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला बराच वेळ. काय गेलं, काय राहिलं, काही बोलला नाही. उद्या सकाळी या म्हणाला. झाली तर झाली म्हणेन, नाही झाली तर नाही म्हणेन."

मालनताईंनी फोन मागितला. नवऱ्यानं दिला. पलीकडनं आवाज यायच्या आधीच ह्यांनी सुरुवात केली.

"आक्का, मी मालन. उद्या... हो, गाडीनंच. अगं, झाली नाही तर दुसरं काही बघू, पण ह्या वेळी मागं फिरत नाही... डोळ्यांत औषध घालतेस ना? घाल. मला नीट बघायचंय तुला, आणि तूही मला बघ. ह्यांनासुद्धा बघ. आज दाढी करून बसलेत."

जयवंतराव हसले. त्यांना हसताना मी कधी बघितलं नव्हतं. जरा कुठंतरी अडखळत आलं, पण आलं.

रात्री दोघं मठीतच राहणार असं ठरलं. मी तांदूळ वाढवून घेतले. बाबा आपल्या जागेवर बसले, पाठ भिंतीला. बापूनं साबण नव्यानं फासला.

जयवंतराव ओट्याच्या कडेला बसले होते. तिथनं नाका दिसतो, आणि नाक्यावरचं पासकूचं पत्र्याचं शेडही दिसतं. त्यांनी तिकडं बघितलं. मान फिरवली. परत बघितलं. मग उठले आणि शेडकडं पाठ करून बसले.

पाठ केली तरी चैन पडेना.

"बाबा..."

बापूनं वस्तरा उचलला.

"त्यानंही फसवलं तर?"

बाबांनी डोळे मिटले. हनुवटी वर केली. मघाची तुरटी लावलेली जागा उजेडात आली.

"तर बुधवारी ये," बाबा म्हणाले. "दाढी काय, वाढतेच."