पासष्ट वॅटची नाडी

इचलकरंजीच्या एका कॉलेजात तिसऱ्या मजल्यावरची नवी संगणक प्रयोगशाळा नजमा मुलाणी सांभाळायची. मुलांनी व्हिडिओचं जड काम सुरू केलं, की संगणक फटाफट बंद पडायचे. पुरवठादार देशिंगकरांनी थेट अध्यक्षांचे कान भरले, "तुमच्या बाईंना मशीन हाताळता येत नाही. काढून टाका त्यांना."

पेशानं वैद्यकीय डॉक्टर असलेले अध्यक्ष वाळवेकर चौकशीला प्रयोगशाळेत येऊन बसले. मागोमाग देशिंगकर जिने चढून धापा टाकत आले.

"सर, यांनी पॉवर सप्लाय कमी ताकदीचे बसवलेत," नजमा म्हणाली. "जड कामाला वीज पुरत नाही."

"प्रोसेसरच्या खोक्यावर पासष्ट वॅट छापलंय!" देशिंगकर गरजले. "त्याच हिशेबानं सप्लाय दिलेत. मला शिकवू नका!"

नजमाची कानशिलं तापली, पण तिनं आवाज चढवला नाही. "डॉक्टरसाहेब, जरा यांची नाडी बघता?"

डॉक्टरांनी मनगट धरलं. "एकशे अठ्ठावीस."

"माणसाची तर बहात्तर असते म्हणतात. यांच्यात काही बिघाड आहे का?"

"बिघाड कसला?" देशिंगकर उसळले. "तीन मजले चढून आलोय! बहात्तर बसल्या जागी असते!"

"पासष्ट वॅटही साध्या वेगाचेच आहेत, साहेब. जोर लावला की हाच प्रोसेसर दुप्पट वीज ओढतो. तुम्ही सप्लाय मात्र बसलेल्या माणसाच्या मापाचे दिलेत."

डॉक्टरांनी मनगट सोडलं. "देशिंगकर, सगळे सप्लाय बदलून द्या आणि बाईंची माफी मागा."

"माफी राहू द्या," नजमा म्हणाली. "सोमवारी मुलांची परीक्षा आहे. त्याआधी सप्लाय आणा. बसवताना मी समोर उभी असेन."