निवांतघरांचा निवाडा

कोणत्या राजाच्या अमदानीतली ते विचारू नका, पण फार फार पूर्वीची ही गोष्ट आहे. नदीकाठी हळदीचं एक गाव होतं. तिथे हळद जमिनीखाली ठेवत. माणूसभर खोल खड्डा खणायचा, त्याला पेव म्हणायचं, त्यात हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. चार वर्षांनी उघडलं तरी हळद जशीच्या तशी. उलट रंग जास्तच चढलेला. गावाला आपल्या पेवांचा भारी अभिमान होता.

अभिमान डोक्यात गेला की माणूस काय करील याचा नेम नसतो. जे हळदीला मानवतं ते म्हाताऱ्यांनाही मानवेल, असं या गावाने ठरवलं. ज्याला साठ वर्षं झाली त्याच्यासाठी गावाबाहेर, टेकडीच्या पोटाला, जमिनीत अर्ध्या गाडलेल्या खोल्या बांधल्या. जाड भिंती, एक बुटकं दार, खिडकी नाही. दार नुसतं लोटलेलं, पण म्हाताऱ्यांना बाहेर पडायची मनाई. ऊन नाही, वारा नाही, पोराबाळांचा गलका नाही. आणि नाव काय ठेवलं? निवांतघरं!

हळद श्वास घेत नाही आणि माणूस घेतो, एवढं साधं कुणाला सुचलं नाही. की सुचलं, पण घरातली जागा मोकळी होतेय म्हणून सगळे गप्प बसले? ते त्यांचं त्यांना माहीत.

या गावात धोंडाई नावाची बाई होती. ती हळदीची पारखी. हळकुंड मोडून वास घेतला की माल कुठल्या शेतातला आणि शिजवताना उकळी किती दिली, ते सांगायची. व्यापारी तिच्या शब्दाला मान द्यायचे. पण साठावं सरलं तसं मुलाने तिचं गाठोडं उचललं आणि तिला निवांतघरात आणून सोडलं.

“आई, हितं तुला कसलाच तरास न्हाई बघ,” तो म्हणाला. तो मनापासून म्हणाला, हेच जास्त चीड आणणारं आहे.

पहिलं वर्ष धोंडाई भांडली. दुसऱ्या वर्षी आज सोमवार की मंगळवार, हे तिचं चुकू लागलं. तिसऱ्या वर्षी ती भिंतीची ओल बोटाने पुसत बसू लागली, आणि आपण जेवलो की नाही हेही तिला आठवेना. शेजारच्या खोलीत सटवाप्पा तेली होता. एके काळी त्याचं हसू बाजारभर ऐकू जायचं. आता तो भाकरी तुटली तरी रडायचा. गाव म्हणायचं, “साठी बुद्धी नाठी!” म्हण हाताशी तयार होती, मग डोकं चालवायची गरजच काय!

चौथ्या वर्षी एका सकाळी सटवाप्पा बाहेर पडला आणि थेट पाटलाच्या खळ्यात गेला. तिथे वाळत घातलेल्या हळदीवर तो उताणा पडला, काही केल्या उठेना. “ऊन सोडत न्हाई मी, मारून टाका!” असं ओरडू लागला. बाहेरगावचे व्यापारी पोट धरून हसले. पाटलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने तिथल्या तिथे हुकूम सोडला, की निवांतघरांच्या दारांना बाहेरून कड्या बसवा.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी सुतार धोंडाईच्या दाराचं माप घ्यायला आला. कशाचं माप, ते तिने त्याच्याकडून काढून घेतलं. दार बाहेरून लागलं की आपण मेलो, हे तिला पक्कं समजलं. ती काठी टेकत चावडीवर गेली. पाटील आणि बाकीचे चार पंच तिथेच बसले होते.

“कड्या कशापायी, पाटील?”

“धोंडाई, तुमच्याच भल्यासाठी. तुमांस्नी भान ऱ्हायलं न्हाई,” पाटील म्हणाला. “बरं, तूच सांग. आज तिथी कंची?”

धोंडाईने खूप आठवलं. “पंचमी.”

होती दशमी. चावडी खदाखदा हसली, आणि कुणीतरी ती म्हण पुन्हा म्हटलीच.

मग मात्र धोंडाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं डोक्यात साचलेलं धुकं त्या रागाने फाटलं.

“पेवातली हळद काळी पडली, तर ह्या गावात निवाडा कुठं हुतो?” तिने विचारलं.

“पेवाच्या तोंडाशी,” सगळे सवयीने म्हणाले. गावची रीतच तशी होती. चावडीवर मूठभर वानगी आणून निकाल द्यायचा नाही, माल जिथे ठेवला तिथे पाची पंचांनी स्वतः जायचं.

“मग माझं डोकं नासलं म्हंता, तर माल ठिवलाय तितं येऊन बसा. पाची जण, दार लावून. सांज झाली वाटलं की हाक मारा, मी उघडीन. मग म्हना मला येडी.”

रीत मोडणं पाटलाच्या हातात नव्हतं. उन्हं नुकती कौलांवर आली होती तेव्हा पाची पंच वाकून त्या खोलीत शिरले. धोंडाईने दार ओढून बाहेरून मोठा धोंडा लावला आणि त्याच्यावरच ती उन्हात बसली.

आधी आतून थट्टा ऐकू आली. मग दिव्याचा धूर होतो म्हणून कुरकुर. मग पाटील आपल्या लहानपणच्या मित्रावर खेकसला, की पाय जवळ घे. त्यावरून वीस वर्षांपूर्वीचं बांधाचं भांडण निघालं.  आणि मग त्यांच्यातला एक, चांगला धट्टाकट्टा गडी, हुंदके देऊन रडू लागला. का रडतोस विचारलं तर त्याला सांगता येईना. शेवटी दारावर धडका बसल्या.

“उघड, धोंडाई! सांज कवाच झाली! रात झाली!”

धोंडाईने धोंडा सरकवला. बाहेर लख्ख ऊन होतं. बायका न्याहारी घेऊन शेतावर निघाल्या होत्या, त्या थबकून बघत राहिल्या. पाची पंच डोळ्यांवर हात धरून उभे.

“कंचा परहर हाय, पाटील? सांगा की! का तुमची बी बुद्धी नाठी?” धोंडाई कडाडली. “एका न्याहारीपुरतं बसलासा, तर रात झाली म्हंता! मी चवथं वरीस काढतिया. सटवाप्पानं सा वर्सं काढली. आन तुमी आमाला हसलासा!”

 कड्या बसल्या नाहीत. महिन्याच्या आत निवांतघरं मातीने बुजवून टाकली, आणि म्हातारी माणसं गावात, खिडक्यांच्या घरांत परत आली. एकीला सुनेचं नाव आठवलं. एकजण पोरांना गोष्टी सांगू लागला. धोंडाईचा मुलगा हात जोडून आला, तेव्हा ती म्हणाली, “येते. पन पुढचा, उजेडाचा सोपा माझा. मागच्या अंधाऱ्या खोलीत तू नीज.” दोन महिन्यांत तिच्या तिथ्या जागेवर आल्या.

सटवाप्पा मात्र परत आला नाही. शरीराने आला. त्याच्या मुलाने बाजाराच्या रस्त्यावर त्याला ओटा बांधून दिला. तिथे तो दिवसभर उन्हात बसायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडून म्हणायचा, “दार उघडा की, बाबा.”

एकदा पाटील धोंडाईला म्हणाला, “झालं गेलं गंगेला मिळालं. आता तरी राग सोड.”

धोंडाईने त्याचं मनगट धरलं, भर दुपारी त्याला त्या ओट्यापुढे नेऊन उभं केलं आणि म्हणाली, “आधी ह्याचं दार उघडा, पाटील. मग माझ्या रागाचं बगू.”

त्या दाराची किल्ली पाटलाजवळ नव्हती.

तात्पर्य: म्हाताऱ्या माणसाची बुद्धी गेली म्हणण्याआधी, त्याला आपण कुठे ठेवलंय ते पाहावं.