जळत्या माळावरची राजकन्या

एका राज्यात, जिथे झऱ्यांना राजाइतका मान होता, तिथे धवलसेन राज्य करी. नव्या महालासाठी त्याने एक वनराई तोडली. ती कालदंष्ट्र मांत्रिकाने आपल्या पत्नीच्या समाधीभोवती लावलेली होती. मांत्रिक दरबारात आला आणि म्हणाला, "तुझ्या राज्यात पाऊस येणार नाही. तुझ्या रक्ताचं कुणी जळत्या माळावर झाडासारखं जगेल, तेव्हाच शाप सुटेल."

झरे आटले. गुरं मेली. राणीही तापाने गेली. शेवटी तिच्या ओठांना लावायला ओला कापूस तेवढा मिळाला. राजाने माळावर पाऊल ठेवलं की जमीन पेटे. तेव्हा त्याची एकुलती लेक इरावती उठली.

"मी जाते, तात."

माळावर टिटवी भेटली. ती म्हणाली, "झाडासारखं कसं जगायचं ते तिघांना विचार. प्रत्येक जण देईल, प्रत्येक जण घेईल."

निवडुंग म्हणाला, "पानांतून पाणी उडून जातं. म्हणून मी पानं टाकली, काटे घेतले. तुझं रूप दे."

इरावतीने दिलं. केस गळाले, अंगावर काटे आले, उन्हाचा दाह निम्मा झाला.

शमी म्हणाली, "पाणी फार खाली आहे. मी मुळं तिथवर नेली. पण खोल गेलेल्याला परत फिरता येत नाही. तुझं चालणं दे."

इरावतीने एकदा मागे पाहिलं. राजवाड्याचा कळस धुळीत अंधुक दिसत होता. मग तिने पाय मातीत रोवले.

शमीच्या बुंध्याशी, खडकाला चिकटून, एक वाळका नेचा मुठीसारखा मिटून पडला होता. तो म्हणाला, "खालचंही पाणी संपलं की मी असा मिटतो. लोक मेला म्हणतात. पाऊस आला की उलगडतो."

"उलगडल्यावर मागचं आठवतं?"

"नाही. आठवणी जपायलाही पाणी लागतं. त्या दे."

इरावती आईचं नाव एकदा मोठ्याने म्हणाली आणि मिटली.

ग्रीष्म आला, तिच्यावरून गेला. ती वाळली, पण मेली नाही. मग एका सकाळी ढग उतरले. शाप सुटला. झरे वाहू लागले, मांत्रिकाच्या पत्नीच्या समाधीवरही गवत उगवलं.

धवलसेन धावत माळावर आला. त्याच्या पायांखालची माती थंड होती. समोर एक हिरवं झाड हळूहळू उलगडत होतं.

"इरावती," तो म्हणाला.

"मी तुम्हाला ओळखत नाही," झाड म्हणालं. "पण तुम्ही भिजताय. इकडे या."

राजा पानांखाली जाऊन बसला.

"तुमचं कुणी हरवलंय का?"

"हरवलं होतं," राजा म्हणाला. आणि पाऊस थांबल्यावरही तो तिथून उठला नाही.