कोरडी पायरी

नदीकाठच्या एका नगरात त्या दिवशी सगळीकडे गोधड्या वाळत घातल्या होत्या. आठ दिवसांनी ऊन पडले होते. गच्च्यांवर, कठड्यांवर, देवळाच्या ओवरीतही गोधड्याच दिसत होत्या. अशा दिवशी वाईट बातमी येईल असे कुणाला वाटत नाही.

त्या नगराचा एक कारभारी होता. माणूस कष्टाळू आणि सरळ. पावसाळ्याआधी तो होड्यांना डांबर लावून घेई, दोर ओढून पाही, टेकडीवरच्या निवाऱ्यात पीठ आणि सरपण भरून ठेवी. वेशीवरच्या नगाऱ्याचे कातडे दरवर्षी बदलून घेई. तो नगारा वाजला की साऱ्या नगराने हातातले काम टाकून टेकडी चढायची, अशी जुनी रीत होती. वाजवण्याचा हुकूम मात्र एकट्या कारभाऱ्याचा.

दोन वर्षांपूर्वी नदी घाटाच्या खालून दुसऱ्या पायरीला लागली, तेव्हा त्याने नगारा वाजवायला लावला होता. एका लग्नाची पंगत अर्ध्या पानावरून उठली. सारे नगर टेकडीवर जाऊन बसले, आणि संध्याकाळपर्यंत नदी आपली खाली उतरली. तेव्हापासून कुणाच्या हातून तांब्या लवंडला तरी शेजारचा म्हणे, "अरे, कारभाऱ्यांना कळवा. नगारा वाजवतील."

पुढे पंचांनी वेशीजवळच्या शिळेवर नियम कोरला: पाणी तिसऱ्या पायरीला लागले की नगारा वाजवावा, त्याआधी नाही. कारभाऱ्याला बरे वाटले. आता ठरवायचे काम त्याचे नव्हते, पायरीचे होते.

तर त्या गोधड्यांच्या दिवशी सकाळी वरच्या तलावाचा राखणदार चालत आला. गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपतंय," तो म्हणाला.

"ते दरवर्षीच झिरपतं."

"दरवर्षी निवळ असतं. काल रात्रीपासून गढूळ येतंय. म्हणजे बांधाची माती येतेय, साहेब."

"किती वेळ आहे?"

"ते बांधाला विचारावं लागेल."

कारभाऱ्याने त्याच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिले. मग म्हणाला, "तू दमला आहेस. जेवून घे. आणि हे कुठे बोलू नकोस, उगाच घबराट होईल."

तो घाटावर गेला. पहिली पायरी कोरडी होती. त्याने होड्या पाहिल्या, दोर पाहिले, टेकडीवर जाऊन पिठाची कोठारे उघडून पाहिली. सगळे जागच्या जागी होते. या पाहण्यात त्याची सकाळ गेली.

त्याची थोरली बहीण नदीलगतच्या खालच्या आळीत एकटी राहत असे. कारभाऱ्याने तिच्याकडे गडी पाठवला. निरोप असा होता: आज जेवायला वर ये, आणि येताना देव घेऊन ये.

आक्का आली. ताम्हनात लाल फडक्यात बांधलेले देव होते.

"जेवायला मला बोलावलंस की देवांना?" तिने विचारले.

कारभारी हसला नाही. ताटे मांडली होती. तिने ताटाकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले.

"पाणी येणार आहे का?"

"पहिली पायरीसुद्धा कोरडी आहे, आक्का."

"मी पायरीचं नाही विचारलं."

तो हळूच म्हणाला, "राखणदार सांगत होता. पण नियम आहे. आणि नाहीच आलं, तर पुन्हा लोक..."

"हसतील. मागच्या वेळी मीही हसले होते." तिने ताम्हन पाटावर ठेवले. "शेजारच्या सगुणाचे पाय अधू आहेत. तिला सांगून येते."

"तू बस. मी गडी पाठवतो."

"गड्याजवळ काय निरोप देशील? तिलाही जेवायला बोलावलंय म्हणून? आणि तिच्या अलीकडच्यांना? साऱ्या आळीला पुरेल एवढा भात टाकलायस का?"

ती उठून गेली. वाढलेले ताट तसेच राहिले.

कारभारी वेशीवर गेला. नगारेवाल्याने टिपरी हातात घेतली. "वाजवू का, साहेब?"

"पायरी बघ."

"पहिली कोरडी आहे."

"मग थांब."

खालच्या आळीतून माणसे वर येताना दिसू लागली. कुणाच्या खांद्यावर मूल होते, कुणाच्या खांद्यावर अर्धवट वाळलेली गोधडी. आक्का दारोदार सांगत फिरत होती. नगारा नव्हता, म्हणून प्रत्येक दाराशी तिला थांबावे लागत होते, पटवावे लागत होते. एकजण तर तिला म्हणाला, "भावाची सवय बहिणीला लागली वाटतं." पण त्याने घरच्या म्हातारीला पाठुंगळी घेतले आणि तो निघाला.

सगुणाचे घर आळीच्या शेवटी, आक्काच्या घराच्याही पलीकडे होते. आक्का तिथे सर्वांत शेवटी पोचली.

मग नदीचा आवाज बदलला. पहिली, दुसरी आणि तिसरी पायरी एकदमच दिसेनाशी झाली. त्याच क्षणी नगारा वाजला. वरच्या आळ्यांतली माणसे धावत टेकडीवर पोचली. होड्या तयार होत्या, दोर मजबूत होते, निवाऱ्यात पीठ होते. टेकडीवर सारे नगर मोजले तेव्हा दोन बायका कमी भरल्या.

पाणी ओसरल्यावर पंच जमले. पायरीला पाणी लागणे आणि नगाऱ्यावर टिपरी पडणे यात श्वासाचेही अंतर नव्हते, असे सर्वांनी सांगितले. सख्खी बहीण गेली तरी माणूस नियमाला चुकला नाही, असे म्हणून त्यांनी कारभाऱ्याच्या अंगावर शाल घातली. राखणदार मागे खांबाला टेकून उभा होता. त्याला बोलू नकोस म्हणून सांगितले होते. तो बोलला नाही. कारभाऱ्याने त्याच्याकडे न पाहता शाल घेतली.

आक्काचे देव कारभाऱ्याच्या घरीच राहिले. तो त्यांची रोज पूजा करतो. शिळेवरचा नियम बदलावा, असे पूजा करताना त्याच्या रोज मनात येते. पण का बदलायचा, हे पंच विचारतील. मग त्या सकाळी राखणदार आला होता, हे सांगावे लागेल.

तात्पर्य एवढेच, की जी बातमी ऐकून आपल्या माणसाला जवळ बोलावून घ्यावेसे वाटते, ती बातमी त्याच क्षणी साऱ्या गावाची झालेली असते.

शिळेवर हे कोरायचे राहिले आहे.