एलोजीचा दोर

फार वर्षांपूर्वी, गोऱ्या साहेबाचं राज्य होतं तेव्हा, कोकणात कोथरी बंदरावर एलोजी तेली राहायचा. एलोजी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू. शनिवार म्हणजे त्यांचा देवानं नेमलेला विसाव्याचा दिवस, त्या दिवशी त्याचा घाणा बंद म्हणजे बंद. त्याचा बैल चांद्या शनिवारी ढकलला तरी उठत नसे, असं म्हणतात.

अशाच एका शनिवारी वादळ सुटलं आणि बसऱ्याहून आलेलं एक गलबत खाडीच्या तोंडाशी खडकांत अडकलं. आत खलाशी होते, आणि एक म्हातारी, तिची सून, दोन लहान नाती. दूर युरोपात ज्यूंना घरांतून ओढून काढून मारत होते. या चौघींचं सारं गणगोत तिथंच संपलं होतं. डोंगर आणि वाळवंट तुडवून त्या एवढ्या लांब आल्या, आणि आता किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर बुडत होत्या.

धर्मा कोळी पोहत गेला आणि गलबताला दोर बांधून आला. अख्खं गाव दोराला लागलं, पण गलबत तसूभर हलेना.

एलोजी किनाऱ्यावरच्या आपल्या घाण्याकडे बघत राहिला. बापजाद्यांनी कधी मोडला नव्हता तो शनिवार, आणि पाण्यावरून तर पोरींचं रडणं येत होतं. मग त्यानं दोराचं टोक घाण्याच्या मधल्या फिरत्या खांबाला बांधलं.

"एलोजीबाबा, आज शनवार हाय न्हवं?" धर्मानं विचारलं.

"शनवार देवानं दिला, तशा ह्या पोरीबी त्यानंच दिल्या," एलोजी म्हणाला. "हो बाजूला."

आणि ऐका, चांद्या न हाकता उठला! त्याला गोल फिरण्यापलीकडे काही येत नव्हतं, पण तेवढंच तर हवं होतं. तो फिरत राहिला, दोर खांबाला गुंडाळत गेला, आणि गलबत खडकांतून सुटून वाळूला लागलं. रिकाम्या घाण्यातून तेल झरलं, असं म्हणतात. गारठलेल्या पोरींच्या अंगाला तेच चोळलं.

म्हातारी एलोजीच्या दाराशी थबकली. चौकटीवर मेझुझा होती, देवाची वचनं घातलेली छोटी नळी. तशीच तिच्या जळालेल्या घरी होती. तिनं त्या नळीला बोटं लावली, ओठांशी नेली आणि ती धाय मोकलून रडली. आपण कुणाला ओढून आणलं हे एलोजीला तेव्हा कळलं, आणि तोही रडला.

आज कोथरीत ज्यूंचं एकही घर नाही, घाणाही नाही. तरी दरवर्षी सगळं गाव मिळून नवा दोर वळतं आणि धक्क्यावर टांगतं. त्याला एलोजीचा दोर म्हणतात. शनिवारी तो कुणी वळत नाही. शनिवारी कुणी बुडत असेल, तर मात्र ओढतात.