कावळा न शिवलेलं ताट

डोंगराआडच्या एका राज्यात एक प्रधान होता. राज्याचा बंदीखाना त्याच्या हाती होता. तिथे एक जुनी रीत होती. कैद्यांसाठी शिजलेल्या अन्नाचं पहिलं ताट रोज दुपारी प्रधानाच्या घरी यायचं. त्याने एक घास खायचा, 'चव पाहिली, अन्न बरं आहे' असा निरोप राजाकडे धाडायचा, आणि मगच कैद्यांची पंगत बसायची. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या जिभेला आतली चव ठाऊक हवी, असं जुन्या माणसांचं म्हणणं होतं.

आपल्या प्रधानाची जीभ मात्र साजूक तुपात वाढलेली. पहिल्याच दिवशी त्याने नाक मुरडलं आणि ताट परसातल्या कट्ट्यावर कावळ्यांना ठेवायला सांगितलं. निरोप तेवढा न चुकता जायचा. प्रधान चाखत नाही, हे धान्य पुरवणाऱ्याला कळायला कितीसा वेळ लागणार? आधी डाळीत पाणी वाढलं, मग पिठात अळ्या आल्या.

एके दिवशी कट्ट्यावर कावळे जमले, पण एकानेही चोच लावली नाही. ताटाभोवती नुसते बसून राहिले. ते पाहून प्रधानाची बायको तडक नवऱ्याकडे गेली.

"अहो, मेलेल्याची इच्छा राहिली की पिंडाला कावळा शिवत नाही," ती म्हणाली. "हे तर जिवंत माणसांचं अन्न. एकदा आत जाऊन बघून या."

कावळेसुद्धा हल्ली माजलेत, म्हणून प्रधान हसला. बंदीखान्याचा नाईक अन्नाची तक्रार घेऊन आला, तेव्हा त्यालाही त्याने दारातूनच परत पाठवलं.

त्यानंतर बंदीखाना गप्प झाला. पूर्वी बेड्यांचा खळखळाट, शिव्या, भांडणं रस्त्यापर्यंत ऐकू यायची. आता आत माणसं आहेत की नाहीत, कळेना. अशी शांतता राज्यात कधी नव्हती, असं प्रधानाने कळवलं. राजाने खूश होऊन त्याला शालजोडी दिली. ती पांघरूनही त्याला कापरं भरायचं. त्याने बंदीखान्याची भिंत उंच केली, कुलपं दुप्पट केली. भिंतीवर कावळे ओळीने बसायचे, पण एकही ओरडायचा नाही.

मग एका दुपारी ताट आलंच नाही. चौकशीला पाठवलेला माणूस परतला नाही. शेवटी प्रधान स्वतः गेला. दरवाजा सताड उघडा होता, कुलपं तुटून पडली होती. पहारेकरी बांधलेले, पण धडधाकट होते. पळालं कुणीच नव्हतं. अंगणात सगळे कैदी पंगतीला बसले होते. ताटं वाढलेली होती आणि एकाचाही हात अन्नाला लागलेला नव्हता. मधला एक पाट रिकामा होता.

"या," एक म्हातारा कैदी म्हणाला. "तुमच्यासाठीच खोळंबलोय."

तेवढ्यात कुलपं तुटल्याची खबर लागून राजा फौज घेऊन आला. दरवाजा कुणामुळे तुटला, असं त्याने दरडावून विचारलं. प्रधानाने लगेच पहारेकऱ्यांत बांधून पडलेल्या नाईकाकडे बोट दाखवलं, कारण किल्ल्या नाईकाकडे असायच्या. अशा गुन्ह्याला त्या राज्यात सुळाची शिक्षा होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. शिपायांनी नाईकाला धरलं.

राजाने कैद्यांना विचारलं, पळाला का नाहीत?

"पळालो असतो, तर कुलूपच वाईट ठरलं असतं, अन्न नाही, महाराज," म्हातारा म्हणाला. "प्रधानजी रोज चव पाहतात म्हणे. आज आमच्यासमोर पाहावी."

प्रधान पाटावर बसला. त्याने घास उचलला, तसे शेकडो हात एकदम उचलले गेले. तो थांबला, तर सगळे हात हवेतच थांबले. घासात काहीतरी वळवळत होतं. गिळून 'बरं आहे' म्हटलं, की नाईक सुळावर जाणार होता. न गिळावं, तर स्वतःची धडगत नव्हती. त्याने नाईकाकडे पाहिलं. नाईकाने डोळे मिटून घेतले होते.

प्रधानाने घास खाली ठेवला. "मी एकदाही चाखलं नाही, महाराज. हा दरवाजा माझ्यामुळे तुटला."

सगळे हात खाली आले. नाईक सुटला, प्रधानकीची वस्त्रं उतरवली गेली, आणि त्याला पाटावरून उठवून बाजूला उभं केलं. आता सगळे आपल्याकडे बघतील म्हणून त्याने मान खाली घातली. पण कैद्यांच्या माना हळूहळू राजाकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघता?" राजाने विचारलं.

 रोजचा निरोप रोज ऐकून, एकदाही शहानिशा न करता राजाही समाधानाने जेवायला बसत आला होता. त्याने वळून फौजेकडे पाहिलं. शिपाईही त्याच्याकडेच बघत होते. राजाने जोडे काढले आणि तो निमूटपणे रिकाम्या पाटावर जाऊन बसला.

तात्पर्य इतकंच: दंगा कुलूप तुटायच्या फार आधी सुरू झालेला असतो; म्हणून ज्याच्या हाती कारभार, त्याने भिंत वाढवण्याआधी आतलं ताट चाखावं.