मध खाणाऱ्याचं नाव

एका राज्यात ओकाची रानं गावांच्या कुंपणाला येऊन टेकत, आणि तिथे अस्वलाचं खरं नाव कोणी घेत नसे. घेतलं की ते येई. आपली भाषा वेगळी, म्हणून आपण खुशाल अस्वल म्हणतो. तिथले लोक नुसतं 'रानातला' म्हणत.

तिथे स्तोयान आणि वूकास हे भाऊ झाडांच्या ढोलीतला मध काढत. एके दिवशी थोरल्या स्तोयानने झाडावरून चिडवलं, "मधमाशीला भितोस, रानातल्यापुढे काय करशील रे?" धाकटा तापट. त्याने ते नाव मोठ्याने उच्चारलं. अस्वल आलं. स्तोयान उडी टाकून भाऊ आणि अस्वल यांच्या मध्ये उभा राहिला आणि तिथेच मेला.

तेव्हापासून अस्वल वेशीत बसलं, हलेना. रान बंद झालं, चुली थंडावल्या. राजाने फर्मावलं, ज्याने बोलावलं त्यानेच तीन दिवसांत परत धाडावं, नाहीतर त्यालाच वेशीबाहेर ढकलावं.

सुतारपक्षी वूकासला म्हणाला, "जुन्या नावाने आलाय. त्याला पटेल असं नवं नाव दे, म्हणजे जाईल. तीनदाच नाव देऊन बघता येईल."

पहिल्या दिवशी वूकास म्हणाला, "वनराज." अस्वलाने मान वळवली. दुसऱ्या दिवशी त्याने दातओठ खाऊन म्हटलं, "खुनी." अस्वल दोन पावलं पुढे आलं.

तिसऱ्या दिवशी त्याला नाव सुचेना. स्तोयानने शेवटचा काढलेला मध बादलीत तसाच होता. ती त्याने अस्वलापुढे ठेवली. अस्वल डोळे मिटून पंजा चाटू लागलं. स्तोयानही असाच डोळे मिटून बोटं चाटायचा. वूकास बादलीपाशी बसला. मग म्हणाला, "मेद्वेद."

त्यांच्या भाषेत मेद म्हणजे मध. मेद्वेद म्हणजे मध खाणारा.

अस्वलाने मान वर केली, कोणीतरी आपल्याला ओळखलं असावं तशी, आणि रानात निघून गेलं. त्याच क्षणी जुनं नाव साऱ्या राज्याच्या आठवणीतून पुसलं गेलं. रान खुलं झालं, चुली पेटल्या. सर्बो-क्रोएशियन बोलणारे लोक अस्वलाला आजही मेद्वेदच म्हणतात.

वूकास मात्र रोज त्या झाडाखाली जाऊन एक नाव मोठ्याने घेई. स्तोयान. मग थोडा वेळ थांबे, आणि झाडावर चढून ढोलीत हात घाली.